तंजावरच्या भिंतीवरचं मराठी

तंजावरला जायचं हे बाबांच्या डोक्यात खूप वर्षांपासून होतं. ते भूमी अभिलेखमधे नोकरीला होते, मोडी वाचता येते त्यांना, आणि मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय हे कुठेतरी वाचल्यापासून त्यांचं एकच, की मला तो स्वतः वाचायचाय. शेवटी या जानेवारीत आम्ही तिघं निघालो, त्रिचीपर्यंत विमान आणि तिथून गाडी, तास-सव्वातास लागला.

पहिल्या दिवशी चूक अशी झाली की जेमतेम सामान टाकून देवळात पोचलो तर दुपारचे पावणेएक, दरवाजे बंद. तिकडची देवळं दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमाराला उघडतात, हे ध्यानात ठेवूनच प्लॅन करा. आणि तसंही भर दुपारी अनवाणी त्या अंगणात पाय ठेववत नाही. आम्ही साडेचारला परत गेलो आणि बरंच झालं, उन्हं उतरत होती आणि सगळं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, मधाच्या रंगाचं झालं होतं.

तिथले लोक याला पेरिय कोविल म्हणतात, मोठं देऊळ. राजराज चोळाने बांधलं, 1010 साली पुरं झालं. विमान साधारण 66 मीटर उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि तंजावर म्हणजे कावेरीच्या गाळाचा सपाट भाताचा मुलूख, जवळपास असा दगडच नाही, सगळा लांबून आणलेला. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं सांगतात ना, पडते, चांगली लांबलचक पडते, आम्ही त्याच सावलीत बसलो होतो. मला त्यापेक्षा खालचे लेख जास्त भारी वाटले. जोत्यावर सगळीकडे तमिळ अक्षरं आहेत, देवळाला कोणी काय दिलं त्याचा हिशेब, आणि त्यात देवळासाठी आणलेल्या 400 नर्तकींची नावं आहेत, कोण कुठल्या गावाहून आली आणि कुठल्या घरात राहते यासकट. हजार वर्षांपूर्वीच्या 400 बायकांची नावं! राजांची नावं कोणीही कोरतं, ही कोण कोरतं?

मग बाबांचा लेख. नैऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे, त्या बाजूच्या भिंतीवर. बाबांना वाटलं होतं मोडी असेल, निघाली देवनागरी. ओळींमागून ओळी, शब्द नीट तोडून वाचावे लागतात, काही ठिकाणी दगड काळवंडलाय. आई म्हणाली अहो बसा तरी, पण ते उभेच, हात न लावता बोट हवेतल्या हवेत फिरवत एकेक अक्षर लावत होते. आमच्या मागून माणसांचा लोंढा चालला होता, तमिळ, तेलुगू, मल्याळम कानावर पडत होतं आणि इथे भिंतीवर चक्क आपली भाषा.

आता हे कोरलं कोणी ते सांगते, कारण मला तिथेच ते नीट कळलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथे पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षं टिकलं. दुसरे सरफोजीराजे गादीवर आले 1798 ला, पुढच्याच वर्षी कंपनीशी तह झाला आणि सगळा मुलूख कंपनीकडे गेला, राजांच्या हाती उरला फक्त किल्ला आणि अवतीभवतीचं थोडं. आणि 1803 मधे त्यांनी हा वंशाचा इतिहास देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. म्हणजे राज्य गेल्यावर चार वर्षांनी. बाबा म्हणाले, "सातबारा गेला की माणूस निदान फेरफार तरी जपून ठेवतो, तसं आहे हे." मला एकदम गलबलून आलं.

राज्य नसलेल्या या राजाने मग पुस्तकं जमवली. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचं, पण ते वाढवलं सरफोजींनी, काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या गोळा करून आणल्या. हजारो संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आहेत आणि मोडी कागदांची बाडंच्या बाडं. आपल्याला बघायला मिळतं ते छोटं म्युझियम, मुख्य संग्रहात असं आत जाता येत नाही, त्याची बाबांना फार चुटपुट लागली. राजवाड्यातच चोळांच्या कांस्यमूर्तींची गॅलरी आहे, तिला निदान दोन तास द्या.

दुसऱ्या दिवशी दारासुरम. कुंभकोणमच्या अलीकडे, ऐरावतेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाचं. मोठ्या देवळासमोर हे अगदीच नाजूक वाटतं, मंडपाला दगडी चाकं आणि ओढणारे घोडे, म्हणजे मंडपच रथ. जोत्यावर वीतभर उंचीच्या शिल्पांत 63 शिवभक्तांच्या गोष्टी आहेत, वाकून वाकून मान दुखते पण सोडवत नाही. एका ठिकाणी बैल आणि हत्ती यांचं मिळून एकच डोकं आहे, एक बाजू झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. आई लहान मुलीसारखी परत परत हात धरून बघत होती.

तिथून गंगैकोंडचोळपुरमकडे जाताना कोल्लिडम नदी लागते. पूल आला तशी बाबांनी गाडी हळू घ्यायला सांगितली. 1677 मधे महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा ते आणि व्यंकोजी याच नदीच्या काठी, तिरुमळवाडीला भेटले होते. वडिलांच्या वाटणीवरून बोलणं, आणि जमलं नाही, व्यंकोजी रातोरात निघून गेले. ती जागा पुलापासून बरीच वर, पश्चिमेला, पण नदी तीच. बाबा खिडकीतून बराच वेळ वाळू बघत राहिले, आम्ही कोणी काही बोललो नाही.

गंगैकोंडचोळपुरमला राजधानी होती, राजराजाचा मुलगा राजेंद्र याची. त्याचं सैन्य गंगेपर्यंत जाऊन आलं म्हणून हे नाव. आज एवढंसं गाव, हिरवळ आणि मधे देऊळ. शिखर वडिलांच्या शिखरापेक्षा बुटकं, 55 मीटरच्या आसपास, पण कडा आत वळलेल्या, त्यामुळे मऊ दिसतं. उत्तरेच्या दाराशी शिव आपल्या भक्ताच्या, चंडेशाच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय ते शिल्प आहे. सगळ्या ट्रिपमधलं एकच निवडायचं तर मी हे निवडीन, चंडेशाची ती खाली झुकलेली मान मला अजून दिसते.

परतीच्या दिवशी बाबा सकाळी सहालाच तयार, मोठं देऊळ उघडायच्या वेळी आम्ही दारात. तास-दीड तास त्यांनी वहीत ओळी उतरवून घेतल्या. वॉचमन येऊन बघून गेला, मग त्यानेच कुठूनतरी स्टूल आणून दिलं. सगळी मिळून सोळा ओळी झाल्या, पुढच्या भिंतीला हातही लागला नाही. वही आता बाबांच्या टेबलावर आहे आणि फेब्रुवारीतली तिकिटं बघायला त्यांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय.