खाटा किती?

दवाखाना मोजायचा तो खाटांवर. ‘केवढं आहे हो हॉस्पिटल?’ असं विचारलं तर कुणी मजले सांगत नाही, डॉक्टर किती तेही सांगत नाही. ‘दीडशे खाटांचं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बरोबर अंदाज येतो.

मला हा हिशेब आजीमुळे लवकर कळला. मे महिन्यात वाडा पाहुण्यांनी भरला की रात्रीची झाकपाक करता करता ती विचारायची, ‘आज अंथरुणं किती?’ आकडा कळला की सकाळचं दूध, बंबातलं पाणी, पोह्यांचं माप, सगळं तिच्या डोक्यात आपोआप लागायचं. तेव्हा वाटायचं, गाद्या मोजण्यात काय एवढं?

हॉस्पिटलची खाट जवळून पाहिली की कळतं, काय ते. पायथ्याशी फिरवायचा दांडा, उशाशी सलाईनचा स्टँड, खाली नातेवाइकांचा संसार: थर्मास, स्टीलचा डबा, चपला आणि गुंडाळलेली चटई. एका खाटेमागे चादरी मात्र तीन लागतात. एक अंगाखाली, एक परटाकडे, एक कपाटात. शिवाय तिन्ही पाळ्यांना नर्स हवी, दोन वेळचं जेवण हवं, आणि बिल न भरता आल्यामुळे मान खाली घालून उभ्या असलेल्या नवऱ्याशी बोलायलाही कुणीतरी हवं.

म्हणून मला डॉ. बानू कोयाजींचं नवल वाटतं. पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम म्हणजे त्यांचं दुसरं घर. (पुण्याबाहेर केईएम म्हटलं की लोक थेट परळला पोचतात. पुण्याचं 1912चं, परळचं 1926चं. म्हणजे थोरलं आमचं. हे सांगितल्याशिवाय पुणेकराला पुढचं वाक्य सुचत नाही.) बानूबाई तिथे आल्या 1944 साली. तिशीही गाठलेली नव्हती. नवरा इंजिनिअर, पदरात एक मुलगा, आणि वैद्यकीची वाट दाखवणारे दीर डॉ. एदलजी कोयाजी. तेव्हाचं केईएम म्हणजे 40 खाटांचं प्रसूतिगृह. बानूबाईंच्या कारकिर्दीत ते साडेपाचशे खाटांपर्यंत गेलं. साडेपाचशे गुणिले तीन चादरी करून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. डॉक्टर म्हणून नाव काढणारे पुष्कळ असतात. रात्री बाळंतिणीपाशी उभं राहायचं आणि सकाळी हॉस्पिटलच्या हिशेबाला बसायचं, हे दोन्ही जमणारी माणसं कमी.

दुसरी एखादी बाई खाटा वाढवण्यातच रमली असती. बानूबाईंना प्रश्न पडला तो खाटेवर आलेल्या बाईचा. खेड्यातून बैलगाडीतून, एसटीतून धक्के खात आलेली, अंगात रक्त नाही, पाठोपाठची बाळंतपणं, आणि आणलेली तीही फार उशिरा. शहरात कितीही खाटा घातल्या तरी तिचा उशीर काही कमी होणार नव्हता. सत्तरच्या दशकात मग त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला काम उभं केलं. शंभूराजांच्या समाधीचं वढू, तेच. तिथे डॉक्टरांची फौज नेली नाही. गावातल्याच माणसांना शिकवलं. पोरांची वजनं घ्यायची, लशींची आठवण करायची, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, पाळणा लांबवायचं सांगायचं. सातवी-आठवी शिकलेल्या बाईला हे जमतं, हे त्या काळी पुष्कळ डॉक्टरांना पटत नव्हतं. काहींना अजून पटत नाही.

या कामात एक मोठी पंचाईत असते. वेळेवर गोळ्या मिळाल्या, रक्त भरून आलं, म्हणून जी बाई शहरातल्या खाटेपर्यंत आलीच नाही, तिची नोंद हॉस्पिटलच्या कुठल्या रजिस्टरात करणार? देणगीदाराला नवी इमारत दाखवता येते. न आलेला पेशंट कसा दाखवणार? तरी बानूबाई दोन्ही करत राहिल्या. 1989मध्ये पद्मभूषण आणि 1993मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2004च्या जुलैत त्या गेल्या. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारची ग्रामीण आरोग्य मोहीम आली आणि गावोगाव आशाताई दिसू लागल्या. वढूसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं चाललेल्या कामाचंच हे सरकारी रूप, असं मी तरी समजतो. आता आमच्या मावशीच्या गावात कुणाला दिवस गेले की सासूच्या आधी आशाताईच्या वहीत नोंद होते, आणि सासू त्यावरून आठवडाभर फुरंगटून बसते.