तुम्ही विचारलंत म्हणून : टर्बो मिनीला फ्युएल पंप कोणता घ्यावा?

"मिनीत मेट्रो टर्बोचं इंजिन बसवतोय. फ्युएल पंप कोणता घेऊ?" इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या नादाला लागल्यापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. कधी कॉव्हेंट्रीहून, कधी लेस्टरहून, मधूनच पुण्याहूनही. विचारणाऱ्याने टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणून ठेवलेला असतो, ती हवा थंड करणारा इंटरकूलर कुठे बसवायचा ते ठरलेलं असतं, पुष्कळदा गाडीचा रंगसुद्धा पक्का झालेला असतो. पंप आणि पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर मात्र यादीत सगळ्यात शेवटी, उरतील त्या पैशांत. म्हणून माझं उत्तर लांबतं. या इंजिनांचे भोक पडलेले पिस्टन मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि कारण शोधत गेलं की फार वेळा पेट्रोलच्या नळीपाशीच येऊन थांबावं लागतं.

एमजी मेट्रो टर्बो ही छोटी ब्रिटिश गाडी १९८२ साली आली. १२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन, म्हणजे ज्याची सुरुवात १९५१ च्या ऑस्टिन ए-३० पासून झाली ते घराणं. त्यावर गॅरेटचा टी-३ टर्बो आणि एकच एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. ताकद ९३ अश्वशक्ती. गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच, त्याच तेलात फिरणारा. त्याला झेपावं म्हणून कारखान्याने कमी फेऱ्यांना बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, ४ पीएसआयच्या (चौरस इंचाला ४ पाउंड) आसपास रोखला होता आणि पुढे ७ पर्यंत जाऊ दिला होता. १९८९ मध्ये ईआरए कंपनीने हेच इंजिन मिनीत घालून विकलं. बाकीच्यांनी ते घरच्या गॅरेजमध्ये घातलं आणि अजूनही घालत आहेत.

आता मुद्दा असा, की या इंजिनात टर्बो हवा दाबतो ती कार्ब्युरेटरच्या आधी. दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून जाते, म्हणून याला ब्लो-थ्रू म्हणतात. लोटस एस्प्री टर्बो, मासेराती बायटर्बो, रेनॉ ५ ची टर्बो अल्पिन या त्या काळच्या गाड्याही याच पद्धतीच्या. १९६२ च्या शेवरले कॉर्व्हेअरमध्ये उलट होतं. तिथे कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता, त्यामुळे त्याला बूस्टचा दाब कधी लागतच नसे आणि साधा पंप पुरे. तुमची गाडी त्या जातीची असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

ब्लो-थ्रूमध्ये कार्ब्युरेटरचा फ्लोट बाऊलसुद्धा बूस्टच्या दाबाखाली असतो. गच्चीवरच्या टाकीत तरंगता गोळा वर आला की नळ बंद होतो ना, तसंच बाऊलमधला फ्लोट निडल व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. पण बाऊलमध्ये ७ पीएसआय दाब असताना पेट्रोल ३ पीएसआयने येत असेल, तर व्हॉल्व्ह सताड उघडा असूनही थेंब आत जाणार नाही. बाऊलमध्ये असेल तेवढ्यावर इंजिन क्षणभर छान ओढतं. मग मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, डिटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं पेटणं) सुरू होतं, आणि हे सगळं नेमकं पूर्ण थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला), म्हणजे उष्णता सर्वाधिक असताना. मिनीच्या ब्लॉकवरचा मूळचा यांत्रिक पंप किंवा त्याआधीचा एसयूचा विद्युत पंप याच ३-४ पीएसआयच्या वर्गातला आहे. फॅसेट कंपनीचा लोकप्रिय 'रेड टॉप' पंप फार तर ७ पर्यंत जातो. ७ च्या बूस्टवर पेट्रोल आत ढकलायला ४ चं अंतर राखायचं म्हणजे ११ हवेत. म्हणून कारखान्याच्या मूळ बूस्टलाही रेड टॉप चालत नाही. "माझा चालतोय की," असं सांगणारे भेटतात. त्यांच्या गाडीला प्रेशर गेज नसतो.

म्हणजे हवा असा पंप, जो बूस्ट अधिक ४ पीएसआय एवढ्या दाबाला पुरेसं पेट्रोल देईल. पुरेसं म्हणजे किती, याचा हिशोब पाठ करून ठेवण्याइतका सोपा आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३७ लिटर धरायचं. मूळच्या ९३ अश्वशक्तीला ३४-३५ लिटर होतात. १५ पीएसआय बूस्टवर १५० अश्वशक्ती काढायची असेल तर ५५ लिटर. वर तीस टक्के राखीव धरले की झाले ७० च्या आसपास. हे ७० लिटर पंपाने १५ अधिक ४, म्हणजे १९ पीएसआयला द्यायला हवेत. फिल्टर आणि नळीत थोडा दाब खर्च होतो, म्हणून पंपाच्या आलेखावर २५ पीएसआयची रेघ पाहावी. खोक्यावर छापलेला मोठा आकडा हा बहुधा काहीच दाब नसतानाचा असतो. त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

या रेघेवर पाहिलं की कळतं, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या दोन लिटरच्या साध्या इंजेक्शन गाडीचा (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) इन-लाइन, म्हणजे टाकीबाहेर नळीत बसणारा पंपसुद्धा इथे भरपूर होतो. तो ३ बारला, म्हणजे साडेत्रेचाळीस पीएसआयला, तासाला शंभरेक लिटर देण्यासाठी केलेला असतो. कमी दाबाला त्याहून जास्तच देतो. तरी लोक २५५ लिटरचा रेसिंग पंप मागवतात, आणि पुढच्या भानगडी सुरू होतात.

एका मित्राच्या मिनीत हेच झालं. दुकानदाराने मोठा पंप गळ्यात मारला, रेग्युलेटर चांगला होता, पण टाकीकडे परत जाणारी नळी जेमतेम ६ मिलिमीटरची. इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, अगदी थोडं पेट्रोल पितं, बाकीचं सगळं पेट्रोल परत जायला हवं. एवढा लोंढा त्या नळीत मावेना. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी दाब ८ पीएसआयच्या खाली येईना. निडल व्हॉल्व्ह तेवढा दाब धरत नाही, बाऊल भरून वाहायचा, प्लग काळे पडायचे. मित्राने कार्ब्युरेटर उघडला, निडल बदलली, फ्लोटची उंची परत लावली. दोष कार्ब्युरेटरात नव्हताच. रिटर्नसाठी ८ मिलिमीटरची नळी टाकली आणि पंप लहान केला, तशी गाडी त्याच दिवशी शहाण्यासारखी आयडलला बसली. शिवाय मोठा पंप तेच पेट्रोल गरम बॉनेटखालून फिरवून फिरवून तापवतो, हा तोटा वेगळाच. साध्या कार्ब्युरेटरवाल्या मिनीला रिटर्न लाइन मुळात नसतेच. ती नव्याने टाकायची आहे तर टाकताना कंजुषी कशाला?

रेग्युलेटरबद्दल मी जास्त हट्टी आहे. इंजेक्शनचा रेग्युलेटर चालत नाही, कारण तो ४ पीएसआयपर्यंत खाली येतच नाही. बूस्टची नळी जोडायला जागा नसलेला साधा कार्ब्युरेटर रेग्युलेटरही नको. ब्लो-थ्रूसाठीच बनवलेला घ्या. तीन जोडण्या हव्यात: पेट्रोल आत, कार्ब्युरेटरकडे, आणि टाकीकडे परत. वर बूस्टची चौथी. बूस्ट एकाने वाढला की इंधनाचा दाबही बरोबर एकानेच वाढला पाहिजे. इंजेक्शनसाठी मिळणारे 'रायझिंग रेट' प्रकार एकामागे चार-पाचने दाब चढवतात. ते इथे घातक आहेत.

बूस्टची नळी कुठून घ्यायची, यावर सर्वाधिक गोंधळ दिसतो. इंजेक्शन गाडीत ती थ्रॉटलच्या झडपेपुढे, मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या) घेतात, कारण इंजेक्टर तिथे फवारतो. पाहून पाहून लोक इथेही तसंच करतात. पण आपल्याला बरोबरी राखायची आहे ती फ्लोट बाऊलमधल्या दाबाशी, आणि बाऊल श्वास घेतो थ्रॉटलच्या आधीच्या प्लेनममधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरच्या हवेच्या डब्यातून. तेव्हा नळी प्लेनमवरूनच घ्या. मॅनिफोल्डवरून घेतली तर आयडलला तिथला व्हॅक्युम रेग्युलेटर खाली ओढेल आणि पेट्रोलचा दाब शून्याकडे जाईल. अर्ध्या थ्रॉटलला तर आणखी वाईट: प्लेनममध्ये बूस्ट, मॅनिफोल्डमध्ये अजून नाही, आणि बाऊल उपाशी. या नळीत बूस्ट गेजचा फाटा जोडू नका. दोन्ही टोकांना क्लिप लावा. ही नळी निसटली तर टर्बो हवा देतच राहतो आणि पेट्रोल मात्र ४ वरच थांबतं.

कार्ब्युरेटर टर्बोचाच हवा. मेट्रो टर्बोच्या एचआयएफ-४४ कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या दांड्याला सील असतात. साध्यात नसतात, मग बूस्टला पेट्रोलची वाफ दांड्यापाशी बाहेर येते. ए-सिरीजमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, लालभडक टर्बो तिथे शेजारीच. यात पैसे वाचवू नयेत.

पंप बसवायला मिनीइतकी सोयीची गाडी नाही. टाकी डिकीत, बॅटरीही डिकीत. इन-लाइन पंप पेट्रोल ढकलतो छान, ओढत नाही. म्हणून तो टाकीच्या तळापेक्षा खाली, मागच्या सबफ्रेमजवळ (मागची चाकं धरणारी चौकट) बसवा. पूर्वी एसयूचा पंप तिथेच असे. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, नंतर बारीक. बॅटरीपासून रिलेमार्गे फ्यूज घालून जाड वायर, आणि अर्थिंगची वायरही तितकीच जाड. चाळीस वर्षं जुन्या इग्निशनच्या वायरीतून पंप चालवला तर त्याला अकरा व्होल्टसुद्धा मिळत नाहीत, आणि आलेखावरचा आकडा मात्र साडेतेरा व्होल्टचा असतो. इनर्शिया स्विच लावाच: टक्कर झाली की पंप बंद झाला पाहिजे. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं, भारतात ई-२० आलं. जुनी रबरी नळी इथेनॉलने आतून फुगते आणि चिरते. आर-९ दर्जाची नळी घ्या. ई-२० वर इंजिनाला पेट्रोलही काही टक्के जास्त लागतं, ते पुण्याच्या मंडळींनी हिशोबात धरावं.

सगळं जोडून झालं की रस्त्यावर नेण्याआधी एक चाचणी करा. गाडी मोकळ्या हवेत, आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी, इंजिन बंद. कार्ब्युरेटरकडची नळी काढून रेग्युलेटरचं ते तोंड बुचाने घट्ट बंद करा. हे विसरू नका, कारण बाऊलमध्ये दाब नसताना १९ पीएसआयचं पेट्रोल निडलला जुमानणार नाही. प्लेनमवरून आणलेली बूस्टची नळीही सोडवा. रिटर्नचं टोक टाकीपाशी मापाच्या पेट्रोल कॅनमध्ये सोडा. पंप चालू करून दाब ४ वर लावा. मग गेज असलेल्या सायकल पंपाने बूस्टच्या तोंडातून १५ पीएसआय द्या. इंधनाचा गेज १९ वर जायला हवा आणि तिथेच ठरायला हवा. आता एक मिनिट मोजा. दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनासाठी कॅनमध्ये सव्वा लिटर तरी पडलं पाहिजे. हे नुसत्या बॅटरीवर झालं, तर अल्टरनेटर चालू असताना त्याहून जास्तच मिळेल. कमी पडलं तर पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावा, मग पहिला फिल्टर काढून पाहा, आणि पंपावर संशय त्यानंतरच घ्या.