पंपाचं गणित

सोमवार, रात्री

कृषी विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीतलं संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना 'प्राध्यापकी नाही मिळाली तर काय?' असं जो तो विचारतो. कामं आहेत. शेतकरी उत्पादक कंपनी, बियाणं-खतांच्या कंपन्या, बँक, स्वतःचं कृषी सेवा केंद्र. पण तिथे बोलता येण्याच्याही आधी एक गोष्ट यावी लागते: विद्यापीठाची शिफारस शेतकऱ्याच्या मापात उतरवून देणं. शिफारस हेक्टरी असते आणि शेतकरी पाठीवरचा फवारणी पंप दाखवून विचारतो, "पंपाला किती टाकू?"

समजा लेबलवर हेक्टरी 220 ग्रॅम औषध आणि 500 लिटर पाणी लिहिलंय. म्हणजे एकरी साधारण 88 ग्रॅम आणि 200 लिटर, 15 लिटरच्या पंपाला 6.6 ग्रॅम. इथवर कुणालाही जमतं. घोळ पुढे होतो. पंपाला साडेसहा ग्रॅम सांगून आपण निघून येतो आणि शेतकरी तेरा-चौदा पंपांचं एकर आठ पंपांत उरकतो. रानात पडलं जेमतेम 53 ग्रॅम. अळी मरत नाही, औषध बोगस ठरतं, पुढच्या फवारणीला मात्रा दुप्पट होते आणि सोबत आणखी एक औषध मिसळलं जातं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने माणसं गेली. दाट मिश्रण आधी फवारणाऱ्याच्या अंगावर येतं, हे सांगणं सल्ल्याचाच भाग आहे.

म्हणून औषध सांगण्याआधी पाणी मोजायला शिकवावं. पंपात साधं पाणी मोजून भरा, नेहमीच्या चालीने एक गुंठा फवारा, उरलेलं पाणी पुन्हा मोजा. जितके लिटर खर्च झाले त्याला 40 ने गुणलं की एकराचं पाणी निघतं. तीन लिटर लागले तर एकरी 120च झाले. मग चाल कमी करा किंवा नोझल बदला आणि गुंठ्याला पाच लिटरपर्यंत या. पिकाची उंची वाढली, पंप बदलला, नोझल झिजलं की हे मोजमाप पुन्हा करायचं. शेवटच्या वर्षाच्या ग्रामीण कार्यानुभवात प्रत्येकाने हे दहा शेतांवर तरी करावं, असं मनापासून वाटतं. अहवालाची पानं त्यासाठी खुशाल कमी करावीत.

नवी पद्धत शेतात करून दाखवायच्या प्रात्यक्षिकाचंही असंच. नवी पद्धत एका शेतकऱ्याकडे आणि जुनी दुसऱ्याकडे घेतली तर तुलना जमिनीची होते, पद्धतीची होत नाही. शेतकरी एकच, वाण एकच, पेरणीचा दिवस एकच हवा. काढणीला बांधापासून आत, तीन ठिकाणी 5 × 5 मीटरचा चौकोन आखून उत्पादन तोलायचं. सरासरीला 400 ने गुणलं की हेक्टरी आकडा मिळतो. जागा आधीच चिठ्ठीने ठरवाव्यात. पीक बघून जागा निवडली की हात आपोआप दाट पिकाकडे जातो.

उत्पादक कंपनीत नोकरी लागली तर ओलाव्याचं गणित पहिल्या हंगामातच गाठतं. 16 टक्के ओलाव्याचं सोयाबीन वाळवून 12 टक्क्यांवर आणलं तर क्विंटलमागे चार किलो घटेल, असं वाटतं. तसं नाही. 100 किलोत कोरडा माल 84 किलो. वाळल्यावर तोच 88 टक्के भरतो, म्हणून 84 भागिले 0.88, म्हणजे 95.45 किलो. घट साडेचार किलोंहून थोडी जास्त, 4.55 किलोंची. अंदाज आणि खरी घट यांतला हा फरक शंभर क्विंटलवर 55 किलोंचा होतो. खरेदीचा भाव ठरवताना तो धरला नाही तर गोदामात माल कमी भरतो आणि संशय हमालावर जातो. घट आणि खर्चाचं पत्रक कंपनीच्या सभासद शेतकऱ्यांसमोर फळ्यावर मांडावं: ओलावा, हमाली, बारदाना, वाहतूक, प्रत्येकाची वेगळी ओळ. ओलावामापकाचा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत घ्यावा आणि त्याच्याच पावतीवर लिहावा.