त्र्यंबकच्या गाड्यांपासून क्वाझुलू-नाताळपर्यंत : आमची वाटचाल

नाशिकमध्ये ट्रॅव्हल्सचा धंदा म्हटला की त्र्यंबकेश्वर, शिर्डी आणि वणी. वडिलांनीही तसाच सुरू केला. नाशिकरोड स्टेशनबाहेर आधी एक जीप, नंतर टेम्पो ट्रॅव्हलर. २००३ आणि २०१५ अशा दोन्ही कुंभमेळ्यांत आमच्या गाड्या रात्रंदिवस धावल्या. पुढे अष्टविनायक आणि चारधाम आले. कारभार माझ्याकडे आल्यावर दुबई, सिंगापूर, युरोप.

परदेशी सहलींनी धंदा वाढला. पण परत आलेल्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट मला सतत खटकायची. आठ दिवसांत पाच शहरं पाहिलेल्या माणसाला कुठलं चर्च कुठल्या गावातलं हे आठवत नसे. आमची गिऱ्हाईकं म्हणजे एचएएल आणि नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, शिक्षक, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन नांदूर मधमेश्वरला पक्षी पाहायला जाणारी, हरिहर-साल्हेर चढलेली ही माणसं. त्यांना नुसतं पोहोचवून चालणार नव्हतं, तिथं राहू द्यायला हवं होतं. म्हणून ठरवलं की अख्खा देश नको, एकच प्रांत घ्यायचा आणि तो नीट दाखवायचा.

दक्षिण आफ्रिकेचा क्वाझुलू-नाताळ आम्ही निवडला तो त्याच्या ठेवणीमुळे. पूर्वेला हिंदी महासागर, पश्चिमेला तीन हजार मीटरच्या वर गेलेला ड्रॅकन्सबर्ग, आणि मध्ये ऊस, गवताळ टेकड्या, पाणथळ जागा. केपटाऊन, सन सिटी आम्ही मुद्दाम सोडलं. बागायतदार हमखास विचारतात, "तिकडची द्राक्षं नाही का दाखवणार?" युरोपच्या बाजारात आपल्याशी स्पर्धा करणारी ती द्राक्षं मुख्यतः पश्चिमेकडच्या केप भागातली. तो प्रवास वेगळा, तो यात कोंबायचा नाही.

दर्बानहून उत्तरेला निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. या उसासाठीच १८६० मध्ये मद्रासहून ‘ट्रुरो’ जहाजातून पहिले करारबद्ध मजूर इथं आले. त्यांची पणतवंडं आज दर्बानमध्ये दुकानं, दवाखाने, शाळा चालवतात. आमच्या शाकाहारी मंडळींना जेवणाची काळजी पडत नाही, तीही त्यांच्यामुळेच. पाव कोरून त्यात भरलेली घेवड्याची उसळ, म्हणजे तिथलं ‘बनी चाऊ’, आमच्या मिसळप्रेमी लोकांना पहिल्या घासात पटतं.

शहराच्या कडेला फिनिक्स आहे. गांधीजींनी १९०४ मध्ये तिथं आश्रम वसवला आणि ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक तिथून छापलं. त्यांचं घर १९८५च्या दंगलीत जळलं, ते पुन्हा उभारलं आहे. जवळच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन दुबे यांची ओह्लांगे ही शिक्षणसंस्था. १९९४ मध्ये मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत टाकलं. या दोन जागांसाठी आम्ही अख्खा दिवस ठेवतो. पीटरमारित्झबर्गचं रेल्वे स्टेशन मात्र वाटेत होतं. १८९३ मध्ये गांधीजींना जिथं गाडीतून उतरवलं, तो फलाट पाहायला फार वेळ लागत नाही. तिथून निघाल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोलत नाही.

ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्य १८९५चं, आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणी पांढरे गेंडे इम्फोलोझीतच मूठभर उरले होते. १९६०च्या दशकात इथूनच ते इतर अभयारण्यांत आणि परदेशात पाठवले गेले. आज जगात असलेल्या या जातीच्या गेंड्यांचं मूळ इथलं. आता गेलात तर बिनशिंगी गेंडे दिसतात. शिकारी थांबावेत म्हणून २०२४ मध्ये तिथं मोठ्या प्रमाणावर शिंगं कापायला सुरुवात झाली. शिंग नखासारख्याच द्रव्याचं असतं आणि पुन्हा वाढतं. फोटोत शिंग नाही म्हणून काही जण हिरमुसतात. मला तो फोटो जास्त मोलाचा वाटतो, आणि निघण्यापूर्वीच्या बैठकीत मी हे सगळ्यांना सांगतो.

इसिमांगालिसोच्या पाणथळीला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सेंट लुसियाच्या खाडीत होडीतून पाणघोडे आणि मगरी अगदी जवळून दिसतात. रात्री पाणघोडे गावच्या रस्त्यावर चरायला येतात, म्हणून अंधारात पायी फिरू नका, हे मी हात जोडून सांगतो. समुद्री कासवांची अंडी नोव्हेंबर ते जानेवारीत. आमचा ग्रुप ऑगस्टमध्ये असतो, तेव्हा कासवं नाहीत पण किनाऱ्यालगत हंपबॅक देवमासे जात असतात.

ऑगस्टच का? द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी उरकून बागेत काडी पक्की झालेली असते आणि फळासाठीच्या गोडी छाटणीला अवकाश असतो. तिकडे तेव्हा कोरडा हिवाळा, गवत बसलेलं, जनावरं पाण्यावर येतात.

इसांडलवानाला झुलू गाइड टेकडीकडे बोट दाखवत २२ जानेवारी १८७९ची लढाई सांगतो. भाले-ढाली घेतलेल्या झुलू सैन्यानं त्या दिवशी इंग्रजांची तेराशेहून जास्त माणसं मारली. शिवकाल वाचत वाढलेली आमची माणसं त्याला घेराव घालून प्रश्न विचारतात: सैन्य कुठं लपलं होतं, बातमी कशी पोहोचली. इथं वेळापत्रक पाळायचा आग्रह मी धरत नाही.

आणि शेवटी ड्रॅकन्सबर्ग. त्याचे काळे कडे बेसाल्टचे, आपल्या सह्याद्रीसारखेच लाव्हाचे, पण जवळपास १८ कोटी वर्षांपूर्वीचे. आपला दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. ब्रह्मगिरीवर वाढलेल्या माणसाला तो कडा ओळखीचा वाटतो. खालच्या वालुकाश्माच्या गुहांत इथल्या मूळ रहिवासी सान लोकांनी इलंड हरणांची चित्रं काढली आहेत. कांबर्गची गुहा स्थानिक वाटाड्याशिवाय पाहता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

गाइड त्या-त्या गावचेच घ्यायचे, हा आमचा नियम. त्यामुळे दर थोडा चढतो. काही गिऱ्हाईकं त्यावरून गेली, पण राहिली ती पुढच्या वर्षी भावंडांना घेऊन आली. २०२० मध्ये सगळं ठप्प झालं, तेव्हा याच लोकांनी भरलेली आगाऊ रक्कम परत मागितली नाही. ते ऋण मी विसरणार नाही.

येणाऱ्यांसाठी थोडं: विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल आणि तिथं बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. प्रांताच्या उत्तर भागात हिवतापाचा थोडा धोका आहे, डॉक्टरांना विचारून या. डोंगरात पहाटे दहिवर पडतं, कानटोपी हवीच. बागायतदारांना खास विनंती, परत येताना कुठल्याही झाडाची काडी बॅगेत घालू नका. परवान्याशिवाय ती आणता येत नाही. पुढच्या ऑगस्टची बैठक गणपतीनंतर आमच्या ऑफिसात ठेवू, नाव नोंदवण्याआधी तिला जरूर या.