अण्णांची अमेरिकन बाटली

अण्णांना उजव्या डोळ्याने खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, पडद्याची झीज आहे, डोळ्यांसाठीच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू करा. हे कळल्यावर गणपतीला लालबागला आलेला न्यू जर्सीचा मावसभाऊ तीन बाटल्या घेऊनच आला. आईने त्या देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या. (आमच्याकडे मोलाचं सगळं तिथेच जातं, लाइट बिलसुद्धा.)

मला लेबलं वाचायची खोड आहे. क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, जस्त, तांबं आणि बीटा कॅरोटिन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य, १५ मिलिग्रॅम. तिथे अडलो.

अण्णा गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपात पगार थांबला, बिडी थांबली नाही. ती सुटली दहा वर्षांपूर्वी.

गाजरं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, मग त्यातलं बीटा कॅरोटिनच गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर हे करून पाहिलं, काहींना रोज २० मिलिग्रॅम देऊन. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटाच, ते घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत ॲस्बेस्टॉसच्या कामगारांनाही घेऊन असाच प्रयोग चालू होता. तो १९९६ मध्ये २१ महिने आधीच गुंडाळला.

मला खरा धसका बसला तो डोळ्यांच्याच गोळ्यांच्या २०१३ च्या प्रयोगाने. त्यात चालू सिगारेटवाल्यांना बीटा कॅरोटिन दिलंच नव्हतं. तरी ते घेणाऱ्या गटात २३ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, न घेणाऱ्यांत ११. त्यातले बहुतेक सगळे सिगारेट सोडलेले. म्हणजे आमचे अण्णाच की. तेव्हापासून त्या गोळीत बीटा कॅरोटिनऐवजी ल्युटिन आणि झियाझँथिन ही भाज्यांतलीच दुसरी रंगद्रव्यं घालतात. आमच्या बाटल्या जुन्या पद्धतीच्या.

दादाला, म्हणजे त्या मावसभावाला, फोन केला. "अरे, नॅचरल आहे ते, गाजरातलंच!" गाजरातलं खरं, पण गाजराने कुणाला असा अपाय झाल्याचं दिसलेलं नाही.

डॉक्टरांना लेबल दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "बिडी ओढायचात का?" आणि चिठ्ठीवर ल्युटिनवाली गोळी लिहून दिली.

अण्णा वैतागले. "ओढत होतो तेव्हा कुणी गोळी दिली नाही, सोडली तर गोळीतसुद्धा बिडी आडवी येते!"

बाटल्या टाकायला आई तयार नाही. परदेशातून आणलेलं कुणी टाकतं का? मी तिन्हींवर मार्करने मोठ्ठं 'अण्णांना नाही' लिहिलंय. अण्णांना ते डाव्या डोळ्याने वाचता येतं.