स्युरेन: नदीपलीकडचा पत्ता

पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना ‘पॅरिसला राहते’ असंच सांगत होते. बदलापूरचा माणूस नागपूरला लग्नाला गेला की बिनदिक्कत ‘मुंबईचा’ होतो, तसंच. खरा पत्ता सांगायचा तर आधी त्याचा उच्चार समजावून द्यावा लागतो. लिहितात आठ अक्षरं आणि म्हणायचं नुसतं ‘स्युरेन’. शिवाय ते ‘बांल्यू’त आहे हे कबूल करावं लागतं. बांल्यू म्हणजे उपनगर. शब्द मध्ययुगातला आहे: ‘बां’ म्हणजे हुकूम आणि ‘ल्यू’ म्हणजे कोस. शहराचा हुकूम भिंतीबाहेर जिथवर चालायचा तो टापू म्हणजे बांल्यू. आज टीव्हीवर हा शब्द आला की मागे बहुतेक वेळा जळणारी गाडी दिसते. आईने एकदा तशी बातमी पाहून रात्री दोन वाजता फोन केला होता. आमच्या गल्लीत त्या वेळी एक मांजर तेवढं जागं होतं.

स्युरेन पॅरिसच्या पश्चिमेला, सेन नदीच्या डाव्या काठावर आहे. पूल ओलांडला की बुलोन्यचं जंगल आणि लाँशांचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. आमच्या बाजूला मात्र काठापासूनच चढ सुरू होतो तो थेट माँ-वालेरियां टेकडीच्या माथ्यापर्यंत, म्हणजे 160 मीटरच्या आसपास. गावाचं क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरही नाही आणि माणसं पन्नास हजारांच्या घरात. बाबागाडी ढकलत बाजारातून घरी यायचं म्हणजे दर वेळी पर्वती चढायची, तीही पिशव्यांसकट.

या चढानेच गावाला शेकडो वर्षं पोसलं. उतारावर द्राक्षांचे मळे होते, वाइन नदीपार पॅरिसला जायची. आता उरलाय सुमारे एक हेक्टरचा मळा, नगरपालिकेचा. शरद ऋतूत द्राक्षतोडणीचा उत्सव भरतो, मिरवणूक निघते, आणि गाव जणू अजून शेतकऱ्यांचंच आहे अशा थाटात सगळे वागतात. मळ्याशेजारच्या फेशरे गच्चीवरून आयफेल टॉवर दिसतो. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच नेते. फुकट आहे आणि रांग नाही.

मग काठावर कारखाने आले. अलेक्झांडर दाराकने इथे मोटारी बनवल्या. पुढे त्याच ठिकाणी टाल्बो-लागो तयार होऊ लागल्या आणि त्यातल्या एकीने 1950 मध्ये ल माँची शर्यत जिंकली. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणाऱ्या ब्लेरिओचा विमान कारखाना इथलाच. फ्रांस्वा कोतीने अत्तरांचा एवढा मोठा कारखाना थाटला की त्याला ‘अत्तरनगरी’ म्हणत. श्रीमंतांच्या हवेल्याही होत्या. पॅरिसच्या राण्या-उमरावांचे कपडे शिवणाऱ्या चार्ल्स वर्थच्या वाड्याच्या जागेवर आज फॉश रुग्णालय आहे. यातल्या बऱ्याच खुणा आता काचेच्या ऑफिसांखाली गेल्यात.

पण स्युरेन मला खरं कळलं ते एका महापौरामुळे. नाव आंरी सेलिए. 1919 ते 1941 अशी बावीस वर्षं हा समाजवादी गृहस्थ इथला महापौर होता. मधे 1936 मध्ये पंतप्रधान लेऑं ब्लूमच्या सरकारात तो आरोग्यमंत्रीही झाला. तेव्हा कारखान्यांतले कामगार कोंदट खोल्यांत राहत आणि क्षयाने पोरं दगावत. सेलिएचं म्हणणं असं की रोग औषधाच्या बाटलीने नाही, घराने बरा होतो. इंग्लंडातल्या उद्याननगरांची कल्पना त्याने उचलली आणि 1921 पासून टेकडीमागच्या सपाटीवर ‘सिते-जार्दां’ उभी राहू लागली. काम संपायला 1956 उजाडलं. सुमारे तीन हजार घरं, बहुतेक चार-पाच मजली विटांच्या इमारतींत, मधे चौक आणि झाडं. नुसती घरं नाहीत, तर शाळा, सार्वजनिक न्हाणीघरं, धुण्याची जागा, चर्च, प्रोटेस्टंट पंथीयांचं प्रार्थनाघर, वृद्धांसाठी निवास, आणि चक्क नाट्यगृह. 1951 च्या नोव्हेंबरात दिग्दर्शक झां विलारने आपल्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाची सुरुवात पॅरिसमध्ये न करता याच नाट्यगृहात केली, जेरार फिलिपसारख्या नटाला घेऊन. आज त्या नाट्यगृहाला विलारचंच नाव आहे, आणि दर वर्षी तिथे हिप-हॉप नृत्याचा महोत्सव होतो.

सेलिएची ‘उघड्या हवेची शाळा’ तर मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुणीतरी रंगवलेलं स्वप्न वाटलं. क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी ती 1930 च्या दशकात बोदुएं आणि लोद या वास्तुविशारदांनी बांधली. आठ वर्ग, एकेक सुटा, बागेत विखुरलेला. प्रत्येकाच्या तीन बाजूंना काचेच्या भिंती, त्याही घडी घालून बाजूला सारता येणाऱ्या. म्हणजे भिंत सरकवली की वर्ग बागेतच. थंडी वाजू नये म्हणून जमिनीखालून ऊब. जिन्यांऐवजी उतार, कारण काही मुलांना पायऱ्या चढवत नसत. दुपारची झोप बाहेर, मोकळ्या हवेत. आणि दारात एक प्रचंड पृथ्वीगोल, भोवती गोलगोल चढत जाणारी वाट, पोरांनी चालत जगप्रदक्षिणा करावी म्हणून! माझ्या शाळेत नकाशा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

हे सगळं ट्रामच्या स्युरेन-लाँशां थांब्यापाशी, जुन्या रेल्वे स्टेशनात उघडलेल्या नगर-इतिहास संग्रहालयात नीट मांडलंय. या ट्रामचे रूळही एका जुन्या लोकल मार्गावरच टाकलेत. 1941 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने सेलिएला पदावरून काढलं, जर्मनांनी काही काळ डांबूनही ठेवलं. 1943 मध्ये तो गेला. आपली उद्याननगरी पुरी झालेली त्याने पाहिली नाही.

टेकडीच्या माथ्यावर गेलं की मात्र गाव एकदम गप्प होतं. तिथला किल्ला 1840 च्या दशकात पॅरिसच्या रक्षणासाठी बांधला. तो अजून सैन्याच्या संदेशवहन तुकडीकडे आहे, आणि तिथे आजही लष्करी कबुतरखाना आहे. जर्मन व्याप्तीच्या काळात याच किल्ल्यातल्या एका मोकळ्या जागेत हजारावर क्रांतिकारक आणि ओलीस गोळ्या घालून मारले. पॅरिसच्या तुरुंगांतून ट्रकने आणायचे, एका बंद पडलेल्या चॅपलमध्ये थांबवायचे, मग वाटेने खाली. चॅपलच्या भिंतींवर त्यांनी शेवटचे शब्द कोरलेत. फ्रांझ श्टोक नावाचा जर्मन पाद्री अनेकांच्या शेवटच्या वाटेवर सोबत असे. आज स्मारकासमोरचा चौक त्याच्या नावाने आहे. जर्मन माणसाचं नाव, तेही याच जागी! मला हे पचायला वेळ लागला.

21 फेब्रुवारी 1944 ला इथे जर्मनांविरुद्ध भूमिगत लढणारा मिसाक मानुशियां आणि त्याचे साथीदार मारले गेले, एकूण बावीस जण. मानुशियां आर्मेनियन, बाकीच्यांतले बरेच पोलंड, हंगेरी, इटली, स्पेनमधून आलेले. जर्मनांनी लाल भित्तिपत्रकं लावली होती: बघा, हे परके गुन्हेगार! त्यांच्यासोबत शिक्षा झालेली एकमेव स्त्री ओल्गा बान्सिक. तिला इथे न मारता जर्मनीला नेऊन शिरच्छेद केला. 2024 मध्ये, बरोबर ऐंशी वर्षांनी, मानुशियांला पॅरिसच्या पँथेऑनमध्ये, म्हणजे देशाच्या थोरांच्या समाधिस्थळात, जागा मिळाली. त्या आठवड्यात आमच्या बेकरीत दोन म्हातारे वाद घालत होते, की आता मान दिलाय तो खरा की निवडणुकीचा. पाव थंड होईपर्यंत वाद चालला.

द गॉलने 18 जून 1960 ला इथल्या स्मारकाचं उद्घाटन केलं. त्यातली एक कबर मुद्दाम रिकामी ठेवली होती, ‘मुक्तीच्या साथीदारां’पैकी (फ्रान्सच्या मुक्तिलढ्यासाठी द गॉलने हा किताब दिलेल्यांपैकी) शेवटी जाणाऱ्यासाठी. तो शेवटचा ह्युबेर जेर्मां 2021 मध्ये गेला आणि त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला त्याला तिथे ठेवलं. एवढी वर्षं एक देश एका रिकाम्या कबरीवर लक्ष ठेवून होता.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. टेकडीच्या उतारावर रू द ला त्विलरी नावाचा रस्ता आहे. ‘कौलांच्या भट्टीची गल्ली’ म्हणा हवं तर. तिथे एका घरावर फलक आहे: इथे नूर इनायत खान राहत होती. ‘माद्लेन’ हे तिचं भूमिगत नाव, रेडिओवरून संदेश पाठवणारी, मृत्यू जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत. घराचं नाव फझल मंझिल. हे फ्रान्समध्ये! मी तिथे उभी राहून दोनदा वाचलं.

वडील इनायत खान हे सूफी आणि गायक-वीणावादक, जन्म 1882 चा, गाव बडोदा. त्यांचे आईकडचे आजोबा मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा सुरू केली. म्हणजे आपल्या गायकवाडांच्या संस्थानातलं घर. 1910 मध्ये इनायत खान भावांसह परदेशी निघाले, आणि 1922 च्या सुमारास एका डच शिष्येच्या मदतीने हे घर मिळालं. उन्हाळ्यात युरोपभरचे शिष्य इथे जमत. नूर या घरात वाढली, वीणाही शिकली, जातककथा फ्रेंच-इंग्रजीवाल्या पोरांसाठी लिहिल्या. 1940 मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं आणि 1943 च्या जूनमध्ये ती परत आली, ब्रिटिशांची गुप्त रेडिओ ऑपरेटर म्हणून. या कामात माणूस काही आठवडेच टिकतो असा हिशेब होता. ती ऑक्टोबरपर्यंत टिकली. 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊमध्ये तिला गोळी घातली. मानुशियांसारखीच तीही परकी, आणि दोघांच्या खुणा एकाच टेकडीवर.

माझं आजोळ बडोद्याचं. त्या फलकाचा फोटो मी मामाला पाठवला. मामा सत्तरी ओलांडलेला, व्हॉट्सॲपवर एरवी सुविचारांशिवाय काही पाठवत नाही. दोन दिवसांनी त्याचा फोटो आला: सूरसागर तलावासमोरची संगीत महाविद्यालयाची इमारत, म्हणजे तीच जुनी गायनशाळा. खाली लिहिलं होतं, ‘रोज संध्याकाळी तळ्यावर फिरायला जातो. आत कधी पाय ठेवला नव्हता. काल गेलो. एक मुलगी तानपुरा लावत बसली होती.’