मेनूवर "ग्लूटेन फ्री" लिहिलंय, पण तळलंय कशात?

मला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन जराही न चालणारा आजार, निदान होऊन तीन वर्षं झाली. टेस्ट, डॉक्टर, घरातले डबे वेगळे करणं हे सगळं झालं एकदाचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण हॉटेलात बसून "हे नक्की ग्लूटेन फ्री आहे ना" एवढं खात्रीने कळायला जो दम निघतो ना, त्याबद्दल लिहायचंय, कारण परवाचा प्रकार अजून डोक्यातून जात नाहीये.

ऑफिसमधले सगळे जेवायला गेलो होतो. मेनूत चार-पाच पदार्थांपुढे गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं चिन्ह होतं, त्यात फ्रेंच फ्राइजपण. बटाटाच तो, त्याला काय होतंय! वेटरला विचारलं, हे ग्लूटेन फ्री आहे का? "हो मॅडम, एकदम!" आत जाऊन विचारणं नाही, काही नाही. इतक्या पटकन आलेल्या "हो" चा मी आता अर्थच "माहीत नाही" असा घेते.

मग विचारलं, तळायचं तेल वेगळं आहे का. तो आत गेला, दहा मिनिटांनी आला, "हो मॅडम, सनफ्लॉवरचं आहे." अहो दादा, कुठलं तेल ते नाही विचारलं, त्याच तेलात ब्रेडक्रम्ब लावलेलं किंवा मैद्यात घोळवलेलं काही तळता का? परत आत. तोवर बाकीच्यांची ताटं आली आणि सगळे माझ्यासाठी हात आवरून बसले. "अगं एक दिवस चालतं गं" म्हणणारी एक जण प्रत्येक टेबलावर असतेच, आमच्याही होती. वेटर परत आला आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तेल एवढं गरम असतं की ग्लूटेन मरून जातं."

मरून जातं! ग्लूटेन म्हणजे काय जंतू आहे का? प्रोटीन आहे ते, गहू, बार्ली, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांच्यातलं, तळा नाहीतर उकळा, ते तिथेच राहतं आणि माझं शरीर त्यापायी स्वतःच्याच आतड्यावर उठतं. पॅकबंद वस्तूवर ग्लूटेन फ्री छापायचं तर बऱ्याच देशांत किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि इथे फ्रायरच्या तळाला क्रम्बचा काळा गाळ बसलेला.

शेवटी मीच उठले आणि किचनच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आचारी हात पुसत आला, एका वाक्यात म्हणाला, "फ्रायर एकच आहे, नगेट्सपण त्यातच तळतो, तुम्ही नका खाऊ." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! "नका खाऊ" म्हणणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसतो. त्यानेच विचारलं, मासा ग्रिल करून देऊ का? मासा ज्यात मुरवतात त्या सॉसची बाटली मागितली तर तीही आणून दिली. लेबलवर पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. म्हणजे मॅरिनेडपण बाद. मग नुसतं मीठ-मिरी-लिंबू लावून, धुतलेल्या वेगळ्या पॅनमध्ये, कारण ग्रिलवर बर्गरचे पाव शेकतात हेही त्यानेच सांगितलं.

हा छळ माझ्या एकटीच्याच नशिबी नाहीये बरं का. 2019 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, लोकांनी हॉटेलातलं ग्लूटेन फ्री म्हणून दिलेलं खाणं छोट्या मशीनवर तपासलं, तर जवळजवळ एकतृतीयांश वेळा ग्लूटेन सापडलं, पिझ्झा-पास्त्यात तर निम्म्याहून थोडं जास्तच. आता मशीन त्या 20 मिलिग्रॅमच्या खालचंही पकडतं हे मान्य, पण तरी! पास्त्यावरून आठवलं, पास्ता ग्लूटेन फ्री पाकिटातला असला तरी कुठल्या पाण्यात उकळला ते विचारा, आधीच्या पास्त्याचंच पाणी असतं बऱ्याचदा.

आणि हो, "आहे का" असं विचारूच नका, "कसं बनवता" विचारा, मग माणसाला "हो" म्हणून सुटता येत नाही. "ग्लूटेन" शब्दावर अडून राहू नका, गहू, मैदा, रवा, बार्ली, माल्ट अशी नावं घ्या. "व्हीट फ्री" दिसलं म्हणून खूश होऊ नका, बार्ली असू शकते त्यात. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, गर्दी नसते त्या वेळेला फोन करून थेट किचनमधल्या माणसाशी बोला. मी परवा तेच केलं नाही, ऑफिसवाल्यांनी आयत्या वेळी हॉटेल बदललं.

माझा मासा आला तेव्हा बाकीचे आइस्क्रीमवर होते. निघताना मॅनेजरला म्हटलं, फ्राइजपुढचं ते चिन्ह तेवढं काढा. "हो मॅडम, पुढच्या प्रिंटला बघतो," म्हणाला. तेही पटकन.